नजरेची साक्ष किती ग्राह्य?

छापील मजकूर वाचताना नजर ओळीवरून पाण्याच्या धारेसारखी सलग वाहत जाते, असे प्रत्येक वाचणाऱ्याला वाटते. वस्तुतः तसे घडत नाही. नजर एका शब्दावर क्षणभर स्थिरावते, तेथून झेप घेते, पुढच्या शब्दावर टेकते, मधले एखादे अव्यय ओलांडून जाते आणि अर्थ लागला नाही तर मागेही फिरते. प्रत्येक थांबा सेकंदाच्या सुमारे चौथ्या हिश्श्याचा. झेप तर त्याहून कितीतरी लहान. फ्रान्समधील नेत्रवैद्य एमिल जावाल यांनी १८७९ च्या सुमारास ही गोष्ट विद्वानांच्या ध्यानात आणून दिली. तिचा उपयोग तेव्हा वाचन, छपाई आणि शिक्षण यांच्या अभ्यासापुरता होता. आज मात्र याच झेपांच्या आणि थांब्यांच्या हिशेबावरून मेंदूला जडणाऱ्या एका दुर्धर रोगाची चाहूल लागेल काय, असा प्रश्न संशोधकांपुढे आहे. तो रोग म्हणजे अल्झायमर.

हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेतला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगातील ५ कोटी ७० लाख लोकांना स्मृतिभ्रंशाने ग्रासले होते आणि त्यांतील ६० ते ७० टक्क्यांच्या मुळाशी अल्झायमर होता. भारतातील वृद्धांच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार साठी ओलांडलेल्यांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे या विकाराने पीडित आहेत. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत हे प्रमाण अधिक आढळले. यांतील बहुतेकांच्या घरी रोगाचे नावसुद्धा कोणी उच्चारलेले नसते. ‘साठी बुद्धी नाठी’ या म्हणीने सारा उलगडा करून टाकलेला असतो आणि म्हण एकदा लागू पडली की वैद्याकडे जाण्याचे कारण उरत नाही.

रोग जुना, निदान उशिराचे

२५ नोव्हेंबर १९०१ रोजी जर्मनीतील फ्रँकफर्ट येथील मनोरुग्णालयात औगुस्ट डेटर नावाची एक्कावन्न वर्षांची स्त्री दाखल झाली. तिची तपासणी करणाऱ्या डॉ. आलोइस अल्झायमर यांनी तिला पतीचे नाव विचारले, तेव्हा तिने स्वतःचेच नाव सांगितले. स्वतःचे नाव लिहायला घेतले, तर तेही तिला पुरते लिहिता येईना. एप्रिल १९०६ मध्ये ती मरण पावली. तिच्या मेंदूची सूक्ष्मदर्शकाखाली पाहणी करून त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ट्यूबिंगन येथे अल्झायमर यांनी आपले निष्कर्ष वैद्यांच्या सभेपुढे मांडले. मेंदूत पेशींच्या बाहेर साठलेल्या पदार्थाच्या चकत्या आणि पेशींच्या आत पडलेला तंतूंचा गुंता, अशा दोन खुणा त्यांना दिसल्या होत्या. चकत्यांमधील प्रथिनाला अ‍ॅमिलॉइड आणि गुंत्यातील प्रथिनाला टाऊ म्हणतात, हे पुढच्या पिढ्यांना उमगले. क्रेपेलिन यांनी १९१० साली आपल्या ग्रंथात या विकाराला अल्झायमरचे नाव दिले.

म्हणजे पहिले पक्के निदान झाले ते रोगी गेल्यानंतर. त्यानंतर कित्येक दशके परिस्थिती फारशी निराळी नव्हती. जिवंत माणसाच्या मेंदूतील अ‍ॅमिलॉइड पाहण्याची सोय होण्यास एकविसावे शतक उजाडावे लागले. आता पेट छायाचित्रण आहे, पाठीच्या कण्यातील द्रवाची तपासणी आहे आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मे २०२५ मध्ये रक्ततपासणीलाही मान्यता दिली आहे. या साधनांनी एक अस्वस्थ करणारी गोष्ट स्पष्ट केली. मेंदूतील बिघाडाला प्रारंभ होतो तो घरच्यांना विसराळूपणा जाणवण्याच्या पंधरा-वीस वर्षे आधी. लेकाचे नाव आठवेनासे होते, तेव्हा रोगाची कितीतरी वाटचाल पुरी झालेली असते.

लवकर निदानाची घाई का, याचे उत्तर येथे आहे. लेकॅनेमॅब या औषधाला अमेरिकेत २०२३ साली पूर्ण मान्यता मिळाली आणि डोनानेमॅबला २०२४ साली. ही औषधे मेंदूतील अ‍ॅमिलॉइड कमी करतात. लेकॅनेमॅबच्या चाचणीत अठरा महिन्यांच्या अवधीत ऱ्हासाचा वेग औषध न मिळालेल्यांच्या तुलनेत २७ टक्क्यांनी मंदावला. लाभ माफक आहे. मेंदूला सूज येणे, सूक्ष्म रक्तस्राव होणे, असे धोकेही आहेत. शिवाय तो लाभ रोगाच्या आरंभीच्या पायरीवर असलेल्यांपुरताच आहे. ज्यांचा आजार पुढे गेला, त्यांच्यासाठी ही औषधे नाहीत. तेव्हा आरंभ ओळखायचा कसा, हा प्रश्न आपोआप पुढे येतो.

डोळे काय सांगतात?

यासाठी जे अनेक मार्ग चाचपले जात आहेत, त्यांत नजरेच्या हालचालींचा मार्ग दिसायला सर्वांत साधा आहे. माणसाला पडद्यासमोर बसवायचे, अवरक्त प्रकाशाचा मंद झोत डोळ्यावर टाकायचा आणि बुबुळावरून परतणाऱ्या प्रकाशाच्या आधारे नजर कोणत्या क्षणी कोठे आहे, याची कॅमेऱ्याने नोंद घ्यायची. सुई नाही, औषध नाही, वेदना नाही. काम काही मिनिटांचे.

या पद्धतीतील एक कसोटी विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. टोरोंटोचे पीटर हॅलेट यांनी १९७८ साली ती मांडली. पडद्याच्या मध्यभागी एक ठिपका असतो. थोड्या वेळाने डाव्या किंवा उजव्या बाजूला दुसरा ठिपका चमकतो. पाहणाऱ्याने त्याच्याकडे न बघता नेमके उलट दिशेला बघायचे. सांगायला सोपे, करायला अवघड. चमकलेल्या वस्तूकडे वळणे हा डोळ्याचा उपजत धर्म आहे आणि त्या धर्माला आवर घालण्याचे काम मेंदूच्या पुढच्या भागाला करावे लागते. निरोगी तरुणसुद्धा काही वेळा फसतात. परंतु फसल्याचे त्यांना तत्क्षणी कळते आणि नजर आपण होऊन योग्य दिशेला वळते.

इंग्लंडमधील लँकेस्टर विद्यापीठाचे ट्रेव्हर क्रॉफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अल्झायमरचे रोगी येथेच वेगळे पडलेले दिसले. त्यांच्या चुका अधिक होत्या. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे चूक झाल्यावर ती सुधारण्याचे त्यांचे प्रमाण घटले होते. शाळेतल्या शिक्षकाला हा फरक चटकन समजेल. गणित चुकणारा आणि चुकलेले ध्यानात न येणारा, हे दोन विद्यार्थी त्याच्या लेखी सारखे नसतात. याच गटाने २०१९ साली आणखी एक पाऊल टाकले. ज्यांना स्मृतिभ्रंश झालेला नाही, पण बुद्धिव्यापारात किंचित मंदी आली आहे, अशांपैकी ज्यांची स्मरणशक्ती क्षीण होत होती त्यांच्या नजरेच्या चुका अल्झायमरच्या रोग्यांच्या चुकांशी अधिक जुळणाऱ्या आढळल्या. या दुसऱ्या वर्गातील माणसांना पुढे अल्झायमर होण्याचा धोका मोठा असतो, म्हणून या निरीक्षणाला मोल आहे.

दुसरी कसोटी अमेरिकेतील एमरी विद्यापीठात स्टुअर्ट झोला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वापरली. तिचे मूळ तान्ह्या मुलांच्या अभ्यासात आहे. दोन चित्रे दाखवली आणि त्यांतले एक आधी पाहिलेले असले, तर मूल नव्याकडे अधिक वेळ बघते. मोठ्या माणसाचेही तसेच. जुने चित्र मनात कोठेतरी नोंदलेले असते, म्हणून नवे खुणावते. ज्याच्या मनात जुन्याची नोंदच टिकली नाही, त्याला दोन्ही चित्रे सारखीच नवी. त्याची नजर दोहोंत वाटली जाते. ‘हे चित्र पूर्वी पाहिलेत का?’ असे विचारावेही लागत नाही.

तिसरी कसोटी वाचनाची. अर्जेंटिनातील बाहिया ब्लांका येथे हेरार्दो फर्नांडेझ यांच्या गटाने अल्झायमरच्या आरंभीच्या अवस्थेतील रोग्यांना वाक्ये वाचायला दिली. त्यांत सर्वश्रुत म्हणी होत्या, तशी साधी वाक्येही होती. म्हणीचे पहिले दोन शब्द वाचले की शेवट आपोआप मनात उमटतो. ‘नाचता येईना’ एवढे डोळ्यांखालून गेले की मराठी वाचकाची नजर ‘अंगण वाकडे’ या शब्दांवर फारशी रेंगाळणार नाही. रोग्यांच्या नजरेला मात्र ही सवलत मिळत नव्हती. ओळखीच्या म्हणीतही ती अनोळखी वाक्यासारखी शब्दाशब्दावर थांबत होती आणि मागे वळत होती. स्मृती म्हणजे केवळ गेल्या गोष्टींचा साठा नव्हे. पुढे काय येणार, हे सांगणारी ती वाटाडी आहे. या प्रयोगाने ते नजरेच्या हिशेबातून दाखवून दिले.

निरक्षरांना न्याय

या साऱ्याचे भारताच्या दृष्टीने महत्त्व काय? स्मृतिभ्रंशाच्या प्राथमिक पाहणीसाठी जगभर ज्या प्रश्नावल्या वापरल्या जातात, त्यांतील सर्वांत प्रसिद्ध प्रश्नावली अमेरिकेत १९७५ साली तयार झाली. तीत आजची तारीख सांगा, शंभरातून सात-सात वजा करत चला, एक वाक्य लिहा, ही आकृती पाहून काढा, असे प्रश्न आहेत. निवृत्त मुख्याध्यापकाला ते सोपे जातील, इतके की मेंदूत बिघाड सुरू झालेला असतानाही शिक्षणाच्या जोरावर तो त्यांत उत्तीर्ण होईल. उलट, जिने आयुष्यात पेन्सिल हातात धरली नाही आणि जिचे दिवस तारखेने न मोजता तिथीने व सणावारांनी मोजले गेले, अशी खेड्यातली आजी ठणठणीत असूनही अनुत्तीर्ण ठरेल. ही अडचण भारतातील संशोधकांनी फार पूर्वी ओळखली. हरियाणातील बल्लभगढच्या ग्रामीण वृद्धांसाठी या प्रश्नावलीचे निरक्षरांना पेलणारे हिंदी रूप तयार करण्यात आले आणि ते १९९५ साली प्रसिद्ध झाले. पण प्रत्येक भाषेसाठी, प्रत्येक समाजासाठी अशी घडण पुन्हा करावी लागते.

ठिपक्याकडे बघ, ठिपक्याच्या उलट बघ, या सूचनांना लिपी लागत नाही. दोन चित्रांतले कोणते अधिक वेळ पाहिले, याला शाळेचा दाखला लागत नाही. ज्या देशात आजच्या वृद्धांपैकी मोठ्या वर्गाच्या, त्यातही स्त्रियांच्या, वाट्याला शाळा आलीच नाही, तेथे हा गुण उपेक्षणीय नाही. मेंदूचे पेट छायाचित्रण मोठ्या शहरांपुरते आणि मोठ्या खिशांपुरते आहे. कॅमेरा आणि पडदा तालुक्याच्या गावीही नेता येतो. नजरेच्या चाचणीच्या बाजूने सर्वांत बलवान युक्तिवाद कोणता असेल, तर तो हाच.

हिशेब नीट मांडला तर

तथापि येथेच सावध होण्याची गरज आहे. एखादी चाचणी रोग्यांच्या गटाला निरोग्यांच्या गटापासून वेगळे काढते, याचा अर्थ समोर बसलेल्या एका माणसाला रोग आहे की नाही हे ती सांगू शकते, असा होत नाही. उलट दिशेला बघण्यातील चुका पार्किन्सनच्या विकारात वाढतात, स्किझोफ्रेनियात वाढतात, केवळ वय झाले म्हणूनही वाढतात. झोपेच्या गोळ्यांचा परिणाम नजरेच्या वेगावर होतो. मोतीबिंदू पिकलेल्या किंवा पापणी खाली उतरलेल्या डोळ्यांची नोंद घेताना यंत्रही चाचपडते. जन्मात कधी पडद्यासमोर न बसलेला वृद्ध यंत्राच्या धाकानेच गोंधळू शकतो. आणि वाचनाची कसोटी निरक्षराला लागूच पडत नाही, हे तर उघड आहे.

समजा, एखादी चाचणी बरीच चांगली आहे: शंभर रोग्यांतील ऐंशी जणांना ती अचूक पकडते आणि शंभर निरोग्यांतील ऐंशी जणांना निरोगी म्हणून सोडते. साठीपुढील एक हजार माणसांना ती सरसकट लावली, तर काय होईल? वर दिलेल्या प्रमाणानुसार त्यांत ७४ जण पीडित असतील. त्यांपैकी ५९ सापडतील, १५ निसटतील. उरलेल्या ९२६ निरोगी माणसांपैकी सुमारे १८५ जणांवर मात्र विनाकारण संशयाचा शिक्का बसेल. म्हणजे शिक्का बसलेल्या २४४ जणांपैकी खरोखर पीडित असतील ते ५९, चौघांमागे एक. कारकुनी हिशेबाची सवय असलेल्या कोणालाही हा ताळेबंद काय सांगतो ते कळेल. बाकीच्या तिघांच्या घरी जी भीती शिरेल, तिचे मोल कोणत्या खात्यात मांडायचे?

ती भीती काल्पनिक नाही. घरातल्या वृद्धावर ‘डोक्याने अधू’ असा शिक्का बसला की त्याच्या शब्दाचे वजन उतरते. जमिनीच्या कागदावर अंगठा कोणी घ्यायचा, निवृत्तिवेतनाचे पासबुक कोणाच्या हाती राहायचे, हे प्रश्न त्याच्या पाठीमागे सुटू लागतात. चाचणीच्या कागदाचा आधार मिळाल्यास ही घाई अधिकच वाढेल. म्हणूनच आरोग्य तपासणीच्या आकर्षक ‘पॅकेजां’त नजरेची चाचणी सवलतीच्या दरात विकली जाण्याआधी तिचा अधिकार कोठवर आहे, हे ठरवून ठेवणे आवश्यक आहे. ती साक्षीदार होऊ शकते, न्यायाधीश नव्हे.

कळून उपयोग काय?

यावर दुसऱ्या टोकाचा एक आक्षेप नेहमी ऐकू येतो. रोग बरा होत नाही, नवी औषधे महागडी आणि मर्यादित. मग आधी कळून उपयोग तो काय? उरलेली वर्षे धास्तीत काढण्यापेक्षा न कळलेले बरे. हा आक्षेप वरकरणी दयाळू वाटतो, पण तो अपुऱ्या माहितीवर उभा आहे.

पहिली गोष्ट अशी की, विसराळूपणाच्या प्रत्येक तक्रारीमागे अल्झायमर नसतो. बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव, थायरॉईडचा विकार, खिन्नता, डोक्याला मार लागून साचलेले रक्त, औषधांचा अतिरेक, यांपैकी कशानेही स्मृती मंदावू शकते आणि या सर्वांवर उपाय आहेत. शाकाहार प्रचलित असलेल्या समाजात बी-१२ची उणीव दुर्मीळ नाही. लवकर तपासणीला आलेला माणूस कधीकधी सुईच्या काही टोचण्यांवर सुधारतो. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून घरी ठेवलेला तसाच राहतो.

दुसरी गोष्ट व्यवहाराची. आरंभीच्या अवस्थेतील माणूस अजून स्वतःचा मालक असतो. वारसाची नोंद, मृत्युपत्र, बँकेतील संयुक्त खाते, आजार वाढल्यावर कोणाकडे राहायचे, हे तो स्वतः ठरवू शकतो. दोन-तीन वर्षांनी हे सारे इतरांना ठरवावे लागते आणि बँकेच्या खिडकीवर सही जुळेनाशी झाली म्हणजे ठरवणेही कठीण होते. तिसरी गोष्ट प्रतिबंधाची. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाला हातभार लावणारी, पण बदलता येण्याजोगी चौदा कारणे सांगितली: अपुरे शिक्षण, बहिरेपणा, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, एकाकीपणा इत्यादी. ही सारी आटोक्यात आणता आली, तर जगातील सुमारे ४५ टक्के रुग्णांबाबत हा विकार टळू शकेल किंवा लांबणीवर पडू शकेल, असा त्या आयोगाचा अंदाज आहे.

या चौदांत २०२४ साली दोन नव्या कारणांची भर पडली, त्यांतले एक अधू दृष्टीचे. उपचार न झालेल्या दृष्टिदोषामुळे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातील वृद्धांच्या २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका दीर्घ पाहणीत ज्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली होती, त्यांच्यात स्मृतिभ्रंशाचे प्रमाण न झालेल्यांपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळले. अशा पाहणीवरून कार्यकारणभाव पक्का ठरत नाही, हे मान्य; पण मोतीबिंदू काढण्याला त्यावाचूनही पुरेशी कारणे आहेत. डोळा मेंदूची बातमी बाहेर आणतो, हे खरे. जगाची बातमी मेंदूपर्यंत नेण्याचे त्याचे मूळ काम अडून राहू नये, हे त्याहूनही खरे.

कर्तव्याची दिशा

यातून पुढची वाट सुचते. महाराष्ट्रात मोतीबिंदूची शिबिरे ही नवलाईची गोष्ट नाही. जिल्हा रुग्णालये, धर्मादाय संस्था, शाळांची पटांगणे येथे हजारो वृद्ध डोळे दाखवायला येतात. त्यांत स्मृतीची तक्रार घेऊन कधीच कोठे न जाणाऱ्या स्त्रियाही असतात. त्याच रांगेत, डोळ्यांची दुरुस्ती झाल्यावर, स्मृतीविषयी चार प्रश्न आणि सोबत आलेल्या नातलगाला दोन प्रश्न विचारणे अशक्य नाही. नजरेची चाचणी येथे प्रथम निदानासाठी न वापरता मोजपट्टी तयार करण्यासाठी वापरावी. निरोगी मराठी शेतकऱ्याची, निरक्षर आजीची, निवृत्त शिक्षिकेची नजर साठीत, सत्तरीत, ऐंशीत कशी चालते, हे आधी ठाऊक हवे. लँकेस्टरच्या गटाने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात ब्रिटनमधील दक्षिण आशियाई वंशाच्या वृद्धांच्या नजरेची नोंद मुद्दाम स्वतंत्रपणे घेतली होती. एका समाजाची मोजपट्टी दुसऱ्याला डोळे मिटून लावू नये, ही त्यामागची भूमिका. मग येथील लाखोंसाठी परकी मोजपट्टी उसनी घेणे कितपत शहाणपणाचे?

आणि संशय आलाच, तर पुढे कोण? चाचणीपाठोपाठ रक्ततपासणी, तज्ज्ञाची भेट, घरच्यांना समजावून सांगणारा कोणी आणि रोज सांभाळणाऱ्या सुनेला किंवा लेकीला घटकाभर उसंत देणारी जागा, एवढी साखळी नसेल, तर निदान म्हणजे हातात दिलेला एक कागद ठरेल. अल्झायमर आणि संबंधित विकारांसाठी झटणारी अखिल भारतीय संस्था १९९२ साली केरळात स्थापन झाली. तिच्या शाखांनी आणि तशाच काही संघटनांनी ही साखळी कशी बांधावी, याचे नमुने घालून दिले आहेत. शासनाने त्यांत नवे काही शोधण्याचे कारण नाही. त्यांचा विस्तार करावा, एवढेच पुरे.

औगुस्ट डेटर हिच्या दवाखान्यातील कागदपत्रांची फाईल १९९५ साली फ्रँकफर्टमध्ये पुन्हा सापडली. तीत डॉक्टरांनी विचारलेले प्रश्न आणि तिने दिलेली उत्तरे अल्झायमर यांच्या हस्ताक्षरात जशीच्या तशी आहेत. यंत्र नव्हते, औषध नव्हते. होते ते समोर बसून शांतपणे प्रश्न विचारणे आणि उत्तर मिळेपर्यंत थांबणे. नजरेच्या झेपा मोजणारा कॅमेरा हे त्या कामातले उत्तम साहाय्य ठरेल. मात्र म्हातारीशेजारी बसून तिला विचारणारा माणूस त्या कॅमेऱ्यामुळे कमी होता कामा नये.